पॅरिसला न्यायची घागर

आमच्या रेणापूरकडं उन्हाळ्यात माणूस लांबात लांब जातो ते पलंग घेऊन गच्चीवर. यंदा माझा मुलगा मला पॅरिसला नेणार आहे. पाच दिवस. कडब्याच्या गाडीतून लातूरला जाऊन आलो तरी दोन दिवस कंबर धरणारा माणूस मी, पण मुलानं ठरवलं म्हणल्यावर कंबरेला कोण विचारतो?

"आण्णा, तिकिटं काढली," तो पुण्याहून फोनवर म्हणला.

"कुठली, तुळजापूरची?"

"पॅरिसची."

मी म्हणलं, "पॅरिस बघितलंय मी. लई जवळून."

त्याला वाटलं म्हातारा टीव्हीवरचं सांगतोय. मी चौथी शिकलेला माणूस, मला पॅरिस ठाऊक होतं ते फक्त प्लास्टरमधलं. ते कसं, ते सांगतो.

मागच्या पावसाळ्यात माझी बायको न्हाणीत घसरली आणि पाय मोडून घेतला. लातूरला दवाखान्यात नेली. पट्ट्या भिजवून पायाला गुंडाळणाऱ्या पोराला हिनं विचारलं, "कशाचं हाय रे हे?" तो म्हणला, "मावशी, प्लास्टर ऑफ पॅरिस." ही म्हणली, "आगं बया, म्हणजे गणपतीचंच की! मला बी भाद्रपदात बुडवता का काय?" पाय मोडलेली बाई आणि सगळा वॉर्ड हसवून राहिली होती.

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ फोन आला. सून बाजूला होती. त्या दोघांचं तवा कुठंतरी परदेशी फिरायला जायचं चाललं होतं. ही पाय दाखवत म्हणली, "तुम्ही जावा कवा जायचं तवा. मी तर पॅरिसमधी पाय घातला बी!" दवाखान्यात रेंज अशी की अर्धं तिकडं गेलं, अर्धं भिंतीत राहिलं. मुलाला ऐकू गेलं ते "पॅरिस" आणि "पाय" एवढंच. मग फोन बंदच पडला.

प्लास्टर काढायच्या आधीच ती गेली. दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा मागितला आणि चहा होईस्तोवर गेली. प्लास्टरसकटच नेली. राख सावडायला गेलो तर हाड कुठलं आणि पॅरिस कुठलं ते कळंना. म्हणून म्हणलं, लई जवळून बघितलंय.

मुलाच्या डोक्यात मात्र पक्कं बसलं, की आईला पॅरिसला पाय ठेवायचा होता. आई राहिली नाही, तर बापाचा पाय तरी ठेवू. पाय तोच चालतो का, हे कुणी विचारलं नाही.

मग सुरू झालं नियोजन. सून लातूरचीच, मला मामा म्हणते, पण पुण्याचं पाणी बरंच मुरलंय. रोज संध्याकाळी फोनवर पुढचा बेत सांगायची.

"मामा, पहिल्या दिवशी टॉवर बघायचा. सगळा लोखंडी."

"आपल्या बांधावर हाय की मोबाईलचा. तो बी लोखंडीच हाय."

"दुसऱ्या दिवशी एका बाईचं चित्र बघायचं. जगातून लोक येतात. ती हसून राहिली का नाही, तेच कुणाला कळत नाही."

"तुझ्या सासूचा मतदान कार्डावरचा फोटो बघ. कळतंय का?"

"तिसऱ्या दिवशी नदीत बोटीतून फिरायचं, मामा."

"उतरायचं कुठं?"

"उतरायचं नाही. नुसतं फिरून परत तिथंच यायचं."

आम्ही लातूरला रेल्वेनं पाणी येताना बघितलेली माणसं. आणि इथं नदीत नुसतं फिरून यायचं, हांडा बी भरायचा न्हाई.

वर सून म्हणली, "मामा, सुटर घ्या."

"उन्हाळ्यात जायचंय म्हणलीस ना?"

"तिथला उन्हाळा थंड असतो."

मग त्याला उन्हाळा कशाला म्हणावं? आमच्याकडं बेचाळीसच्या खाली आलं की लोक पांघरूण शोधतात.

हे सगळं मी चालवून घेतलं. पुण्याला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले. यंत्राला माझ्या बोटांवर रेघच सापडंना. तिथल्या पोरीनं चार वेळा बोट पुसलं. मी म्हणलं, "बाई, पुसू नको, आहे तेवढं बी जाईल." ते पण झालं. सगळं झाल्यावर मी कॅलेंडर बघितलं, आणि आमची आकिती नेमकी त्या पाच दिवसांत पडलेली.

आकिती म्हणजे अक्षय तृतीया. शहरात त्या दिवशी सोनं घेतात. आमच्यात त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतात, वर आंबा ठेवतात. ऐन उन्हाळ्यात मेलेल्याला तहान लागते, असं आमच्यात मानतात. ती घागर भरल्याबिगर घरात कुणी आंबा तोंडाला लावत नाही. माझ्या आईबापाची घागर हिनंच जन्मभर भरली. हिच्या नावाची ही पहिली.

ही मूळची इस्लापूरकडची, सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळची. लग्न झाल्यापासून मला ऐकवायची, "धबधब्याच्या गावची पोरगी टँकरच्या गावात दिली माझ्या बापानं." टँकरचा भोंगा वाजला की हांडा उचलताना एकदा, आणि रिकामा ठेवताना एकदा. अशा बाईला मेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तहानलेली ठेवायची आणि आपण जाऊन नदीत फिरायचं!

मी फोन केला. "तारीख बदला."

"आण्णा, आता बदलत न्हाईत. भावकीत कुणाला तरी सांगा की भरायला."

"तहान तुझ्या आईची, आन पाणी भावकीचं?"

सून मधीच म्हणली, "मामा, आजकाल ऑनलाइन पण विधी करून देतात. फोटो पाठवतात."

"मग पॅरिसचा बी फोटोच मागव. सगळ्यांचाच खर्च वाचंल."

मला तेवढ्यावर थांबायला पाहिजे होतं, पण माझी जीभ आधीपासून अशीच. म्हणलं, एकदाचं सांगून टाकावं. पॅरिसला पाय ठेवायचा न्हवता रे येड्या, पायालाच पॅरिस होतं. तिनं चेष्टा केली आणि तू तिकिटं काढली.

"ऐक," मी म्हणलं, "तुझी आई त्या फोनवर..."

"त्याच्यासाठीच तर चाललंय, आण्णा," तो म्हणला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "जन्मात तिनं मला काही मागितलं न्हाई. एक लुगडं न्हाई मागितलं. शेवटी एवढंच मागितलं, आन फोन कट झाला. मी परत लावला न्हाई. मीटिंग होती. उद्या लावू म्हणलं."

सावडायच्या दिवशी पण त्याला रडताना मी बघितला नव्हता. आता फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. गावात माझ्या तोंडाला लोक भितात. सरपंचाला तोंडावर बोललो, व्याह्याला बोललो. पण त्या वेळी तोंड उघडलंच न्हाई.

मग म्हणलं, "बरं. येतो. पण घागर संग येईल."

"विमानात?"

"का, बोटीत बसायला नदी हाय, मग घागर भरायला न्हाई का?"

कुंभाराकडं गेलो आणि सगळ्यात लहान बोळकं मागितलं, मुठीत मावणारं. कुंभार माझ्याच वयाचा. त्यानं विचारलं, "एवढुसं कुणाला?"

"पॅरिसला न्यायचंय."

त्यानं चाक थांबवलं. "त्या पॅरिसनं आमचे गणपती बंद पाडले पाव्हणं. सगळ्यांस्नी प्लास्टरचाच पाहिजे." मग एक बोळकं उचललं, टिचकी मारून वाजवून बघितलं, ठेवलं, दुसरं उचललं. "हे न्या. बघू द्या त्यांस्नी बी आमची माती."

पैसे घेतले न्हाईत त्यानं. वर म्हणला, "फोडून आणू नका."

सुनेनं बेत परत लिहून पाठवलाय. तिसऱ्या दिवशी बोटीच्या आधी लिहिलंय, "सकाळी घागर." आंबा ती नेणार आहे, गावरान, आपल्याच झाडाचा. पाडाला आलाय. वास येतोय, पण अजून कुणी खाल्ला न्हाई.

पाणी तिथल्या नदीचं. वाहतं आहे म्हणे बारा महिने. टँकरचं न्हाई, तेवढ्यावरून तरी बायको मला ऐकवणार न्हाई.

काल मुलगा न्यायला आला. माझी बॅग भरता भरता त्यानं विचारलं, "आण्णा, तुम्ही तवा बाजूलाच होता ना? आई असंच म्हणली होती ना, पॅरिसला पाय ठेवायचाय म्हणून?"

मी बोळकं सुटरात गुंडाळत होतो. वरनं तिचं एक जुनं लुगडं गुंडाळलं.

"हाव," म्हणलं. "असंच म्हणली होती."