नानांनी न दिलेलं रक्त

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून ‘अरे देवा’ निघालं नाही. मी विचारलं, “अग्नी दिला का?” पलीकडे नानांचा थोरला मुलगा होता, माझा मामेभाऊ. त्याला वाटलं, ताईला शेवटचं दर्शन हवंय. “नाही ताई, तुझ्यासाठी थांबतो. अकराला काढू,” तो रडत म्हणाला. मला दर्शन नको होतं. मला नानांचं रक्त हवं होतं, एक छोटी नळीभर, आणि ते दोन वर्षं द्यायला तयार नव्हते. धुळ्याहून धरणगावला जाताना बसमध्ये माझ्या डोक्यात एकच विचार होता, मेलेल्या माणसाचं रक्त किती वेळ उपयोगी पडतं? वाचून कुणाच्या अंगावर काटा आला तर येऊ दे. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना असा मामा नसावा.

नाना म्हणजे माझ्या आईचे मोठे भाऊ. धंदा कापसाच्या दलालीचा. गाडीतला मूठभर कापूस घ्यायचे, डोळे मिटून बोटांनी धागा ओढायचे आणि त्याची लांबी सांगायचे. ती कधी चुकली नाही. ‘नाना डोळे मिटून कापूस ओळखतो’ हे कौतुक पार जळगावपर्यंत पोचलं होतं आणि नाना ते मिशीत हसत ऐकून घ्यायचे. डोळे उघडे ठेवूनही त्यांना फारसं काही दिसत नाही, हे घरात फक्त मामीला ठाऊक होतं. दिवेलागणीनंतर ते ओट्यावरून हलत नसत. कुणाच्या पायावर पाय पडला तर ‘वाटमा कसाले बठना?’ म्हणून त्यालाच झापायचे. माझं लग्न गोरज मुहूर्तावर ठरलं होतं, ते नानांनी हट्टाने दुपारी साडेबारावर आणलं. भर वैशाखात मंडपात दोन बाया चक्कर येऊन पडल्या. लोक म्हणाले, नानांना पंचांगातलं कळतं. कळत कसलं कपाळ... संध्याकाळी मंडपातून चालताना सगळ्यांसमोर धडपडायचं नव्हतं, एवढंच.

इतकं मी माफ केलं असतं. आपलं अधूपण झाकायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही माहेरवाशिणी धरणगावला जमलो होतो. माझा तुषार तेव्हा सात वर्षांचा. झोका खेळून पोरं अंधार पडता पडता घरात आली आणि तुषार दारातल्या पाण्याच्या घागरीवर आदळला. कपाळ फुटलं. मी पदराने रक्त पुसत होते आणि नाना ओट्यावरून ओरडले, “तुन्हा पोऱ्या धांदरट शे! लाड करी करी इघाडी टाका तू त्याले.” सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर ‘खाली बघून चालता येत नाही का?’ म्हणून तुषारला एक धपाटाही घातला. त्या अंगणात त्या मुलाला काय होतंय हे ओळखणारा एकच माणूस होता, आणि तोच सगळ्यात मोठ्याने ओरडला. या गोष्टीसाठी मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

तुषारला गाजरं खाऊ घातली, मासळीच्या तेलाच्या गोळ्या दिल्या, चष्मे बदलले. एकोणिसाव्या वर्षी त्याला नळकांड्यातून बघितल्यासारखं दिसायला लागलं तेव्हा कुठे रोगाचं नाव कळलं. कोरॉइडेरेमिया. ते नीट उच्चारायला मला आठवडा लागला. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी कागदावर चौकोन आणि गोल काढले, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बायका. म्हणाल्या, हा रोग बायकांच्या अंगातून गुपचूप पुढे जातो आणि डोळे घालवतो पुरुषांचे. आईत दोष असेल तर दर मुलाला निम्मी भीती, आणि दर मुलीत तो निम्म्या शक्यतेने उतरतो. ज्या पुरुषाला रोग आहे त्याच्या मुलग्यांना काही होत नाही, पण त्याच्या प्रत्येक मुलीत तो जातोच. मग विचारलं, “तुमच्या माहेरी कुणाला रात्रीचं दिसत नाही?” माझ्या डोळ्यांसमोरून धरणगावचा ओटा सरकला. माझे यजमान हयात असेपर्यंत सासरचे म्हणत, पोराला नजर लागली. खरं तर ते माझ्या आईकडून माझ्यात आणि माझ्याकडून त्याच्यात आलं होतं.

तुषारच्या रक्ताची तपासणी झाली, पण अहवाल अर्धवट. जनुकात एक बदल सापडला, तो याआधी कुणात नोंदलेला नाही, त्यामुळे रोग त्याच्यामुळेच की तो निरुपद्रवी, हे ठरत नाही. घरातल्या दुसऱ्या रोगी पुरुषाचं रक्त मिळालं, किंवा त्याच्या मुलीचं, तर बराच उलगडा होईल. हे ठरणं माझ्या मधुरासाठी हवं होतं. मधुरा म्हणजे तुषारची थोरली बहीण, लग्न होऊन जळगावला असते. आपल्यात ते आहे का हे कळल्याशिवाय तिला मूल होऊ द्यायचं नाही. दोन वर्षं ती थांबली आहे आणि दर सणाला सासरचे विचारतात, गोड बातमी कधी?

मी नानांकडे गेले. त्यांनी आधी भाटाने लिहून दिलेली वंशावळ मामीला काढायला लावली. नऊ पिढ्या, नुसती पुरुषांची नावं. माझ्या आईचंसुद्धा नाव नाही. मी म्हटलं, नाना, यात लेकी कुठे आहेत? “लेकीस्नं काय लिखानं?” ते म्हणाले. रक्ताचं विचारलं तेव्हा म्हणाले, “मना डोया चांगला शेतस. मोतीबिंदू शे थोडा.” मग मी त्यांच्या मुलीचं, सुरेखाचं नाव घेतलं. ती रावेरला दिलेली, तिच्या मुलीला तेव्हा स्थळं येत होती. नाना काठी आपटून उठले. “सुरेखाले सांगशी त मनं मरेल तोंड देखशी!” माझी आई शेजारीच बसली होती. तिने हात जोडले, पोरीचं लग्न मोडू नकोस म्हणाली. मी सुरेखाला काही कळवलं नाही... शेवटच्या भेटीत नाना एकदाच हळू आवाजात म्हणाले, “तुषारले आते कितलं दिखस?” मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी चहासाठी हाक मारली होती.

नाना गेले त्या दिवशी मी पोचले तेव्हा अकराला अजून तास होता. नाना अंगणात, नाकात कापूस. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, घरच्यांची परवानगी असेल तर अजूनही नमुना घेता येईल. मी दोघा मामेभावांकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं आणि पाया पडून बाजूला झाले. माझ्यात धीर नव्हता. परतीच्या वाटेवर मधुराचा फोन आला, तो मी उचलला नाही.

तेरावं झाल्यावर मी रावेरला गेले. शपथ घालणाराच राहिला नव्हता. सुरेखाच्या मुलीचं लग्न मागच्याच हिवाळ्यात झालेलं, तिचं सासर मोठं, केळीवाल्यांचं. मी सुरेखाला सगळं सांगितलं, चौकोन आणि गोलसुद्धा काढून दाखवले. तिने कागद बराच वेळ हातात धरला. मला वाटलं, बापावर चिडेल. ती माझ्यावर चिडली. “नानांचं सोड, ते तसेच होते. तू शिकलेली ना? मास्तरीण ना? माझ्या पोरीचं लग्न झालं तेव्हा तू अक्षता टाकायला आली होतीस, ताई! आता ती चार महिन्यांची गरोदर आहे.” दारापर्यंत सोडायलाही ती आली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ‘येतेय’ एवढाच निरोप पाठवून ती धुळ्याच्या स्टँडवर उतरली. मुलीला बरोबर घेऊन आली होती. चहा घेणार का विचारलं तर नको म्हणून मान हलवली. सरळ रिक्षात बसली. प्रयोगशाळेत तिने स्वतःच बाही वर केली. शीर सापडेना, तिथल्या बाईने दोनदा टोचलं आणि घाबरून म्हणाली, दुखतंय का, थोडंसंच घेते. सुरेखाने हात तसाच पुढे धरला.

“घे बाई, कितलं लागस तितलं घे,” ती म्हणाली. “मना बापनं शे ते.”