मायनं कोयता सोबत घेतला

कॉलेजच्या शिबिरात मी तंबूत झोपले, तेव्हा मैत्रिणी म्हणत होत्या की असं उघड्या रानात राहायची त्यांची पहिलीच वेळ. माझी नव्हती. माझ्या लहानपणीचे कितीतरी हिवाळे उसाच्या फडाशेजारी कोपीत गेले होते. माय आणि बाबा ऊसतोडीला जायचे, तेव्हा मला आणि भावाला सामानावर बसवून सोबत न्यायचे. बांबू वाकवून वर ताडपत्री टाकली की झाली कोपी. पण शिबिरातला तंबू वेगळा होता. तिथं सकाळी उठून कुणाला कामाला जायचं नव्हतं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, मायला एकदा असं न्यायचं आणि एक सकाळ तिला काही म्हणजे काही करू द्यायचं नाही.

हे घरी कसं सांगावं ते मला कळेना. सांगितलं तेव्हा माय शेंगा फोडत होती.

"रानात पाल ठोकून ऱ्हायाचं? कशापायी?"

"मजा म्हणून."

"तुला काखंत घेऊन किती फड पालथे घातले. अजून हौस फिटली न्हाय व्हय गं तुझी?"

भाऊ माझ्या बाजूनं बोलला. त्याचा छोटा टेम्पो आहे, भाजीपाला वाहायचा. त्याला सहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा, दोघांनी तंबूचं नाव ऐकल्यापासून जेवण सोडलं होतं. शेवटी माय एका अटीवर तयार झाली. गावात सांगायचं, देवीला चाललो. दोन बायकांनी लगेच ओटीचं सामान आणून दिलं. कॉलेजच्या सरांकडून मागून आणलेला तंबू आम्ही गोधड्यांखाली लपवला. बाबा म्हशीसाठी मागं राहिले आणि बाबांच्या भाकरीसाठी वहिनी राहिली. खरं तर पोरांशिवाय एक रात्र झोपायला मिळतंय म्हणून राहिली, हे तिनं मला हळूच सांगितलं.

मी वहीत सामानाची यादी केली होती. मायनं यादी न करताच एक पोतं भरलं. तवा, भाकरी थापायची काटवट, पीठ, मीठ-मिरची आणि फडक्यात गुंडाळलेला कोयता.

"कोयता कशाला गं माय?"

"असावा."

येरमाळा यायच्या आधीच भाचा "आलं का?" म्हणायला लागला. तुळजापूरला दर्शन झालं, म्हणजे गावाला सांगितलेलं खोटंही राहिलं नाही. मग भावानं टेम्पो पुढं एका तलावाकडं काढला. तिथं त्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याचं पडीक रान होतं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बांधापलीकडं ऊस. ऊस बघून मला जरा धाकधूक वाटली होती.

तंबू कसा उभारायचा याचा व्हिडिओ मी तीनदा बघितला होता. व्हिडिओत माती मऊ होती. इथं मुरूम. पहिली खुंटी वाकली, दुसरी वाकली, तिसरी उडून कुठं गेली ते आजवर सापडलं नाही. माय टेम्पोला टेकून उभी होती.

"मी हात लावणार न्हाय. तूच म्हणलीस, काय करायचं न्हाय."

थोड्या वेळानं म्हणाली, "तोंड वाऱ्याकडं केलंस. पोरं काकडतील."

आणखी थोड्या वेळानं तिनं कोयता काढला. वाळक्या बाभळीच्या खुंट्या तासल्या, दगडानं ठोकल्या आणि तंबू उभा करून पुन्हा टेम्पोला जाऊन टेकली. भाच्यानं आत शिरून तंबूची चेन धरली. "दुकान उघडलं! दुकान बंद!" अंधार पडेपर्यंत दुकान चालू होतं. माय आत वाकून बघून आली.

"चुलीला जागा न्हाय, झोळी बांधायला वासा न्हाय. हे लोक इकत घेत्यात?"

"आज्जी, आत्याचं घर लई बुटकं हाय," भाची म्हणाली.

स्वयंपाक मी करणार होते. मी काडेपेटी शोधेपर्यंत तीन दगडांची चूल पेटलेली होती. तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. म्हटलं, उद्या सकाळी ऊन अंगावर येईस्तोवर तू उठायचं नाहीस. कबूल कर.

"बरं बाई. पडूनच ऱ्हाते."

उजाडताना मला जाग आली, तर मायची गोधडी नीट घडी करून ठेवलेली. मी धावत तलावाच्या काठापर्यंत जाऊन आले. टेम्पोत झोपलेल्या भावाला हलवलं. त्यानं डोळे न उघडता विचारलं, "कोयता हाय का जाग्यावर?"

पोत्यात बघितलं. "न्हाय."

"मग फडात असंल," म्हणाला आणि कूस बदलली.

बांधापलीकडं ऊसतोडीची टोळी लागली होती. पदर खोचून माय त्यांच्यात वाकली होती. एक तरुण बाई कडेला बसून रडणाऱ्या लेकराला पाजत होती आणि तिच्या वाटचा ऊस माय तोडत होती. मुकादम गोंधळून एकेकाला विचारत होता, "ह्या मावशी कुणाच्या?"

मला रडूच आलं. "माय, एक सकाळ मागितली होती तुला."

तिनं वर बघितलं. माझा चेहरा बघून ती पण जरा ओशाळली. मग म्हणाली, "हिकडं बघ." कोयता खाली ठेवला, जाऊन बांधावर बसली आणि ऊस सोलून खायला लागली. मुकादम बघत राहिला. कांडं खाऊन झाल्यावर ती उठली आणि पुन्हा तोडायला लागली. चार ऊस तोडले की पुन्हा बांधावर.

"वाटलं तवा बसता येतंय गं," ती मला म्हणाली. "असा फड म्या जल्मात बघितला न्हवता."

मी तिच्या शेजारी बसले. तिनं मला पण एक कांडं सोलून दिलं. लेकराला पाजून झालं तशी ती बाई कामाला आली आणि आम्ही निघताना तिनं मायला वाढ्याच्या दोन पेंढ्या दिल्या. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा. नको म्हणायचा प्रश्नच नव्हता, घरी म्हैस होती.

परत आलो तेव्हा ओटी देणारी शेजारीण दारातच उभी होती. टेम्पोवरचं वाढं बघून म्हणाली, "अगं बया! देवीनं ह्यो परसाद दिला व्हय?"

"लई जागृत हाय," माय म्हणाली. "म्हशीचं बी बघती."

तेवढ्यात भाचा टेम्पोतून उतरला आणि त्यानं तंबू, दुकान, मुकादम, सगळं एका दमात सांगून टाकलं. लपवायला काही उरलंच नाही. मी तंबूची पिशवी उचलून घरात न्यायला लागले, तर मायनं विचारलं, "हे कवा वापस द्यायचंय?"

"सोमवारी."

"मग आत कशाला नेतीस? अंगणात ठोक," ती म्हणाली. "तुझ्या बाबाला दावू, केवढं बुटकं हाय ते." आणि पोत्यातून बाभळीच्या खुंट्या काढायला लागली. त्या तिनं आठवणीनं उपटून आणल्या होत्या.