हैदराबादची दहा मिनिटं

तमाम गावकरी, पाहुणेरावळे आणि एसटीची वाट पाहून पाय दुखलेले प्रवासी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या गावात खरी वेळ सांगणारी वस्तू एकच होती आणि माझ्या दुकानातल्या सदतीस घड्याळांपैकी ती एकही नव्हती. ती होती मशिदीच्या अंगणात रोवलेली कमरेएवढी बाभळीची काठी. तिचे चालक आणि दुरुस्तीकार, बांगीचाचा. हे निवेदन गावातला एकमेव घड्याळजी स्वतः करतो आहे, तेव्हा शंका घ्यायचं कारण नाही.

आमचं गाव येरमाळ्यापासून अर्ध्या तासावर. स्टँडसमोर माझं दुकान, दुकानामागे मशीद. बांगीचाचा मशिदीत पाचही वेळा बांग द्यायचे, म्हणून हे नाव. पोटापाण्याचा धंदा पिंजाऱ्याचा. गाद्या-उशा भरून भरून त्यांच्या अंगावर कायम कापूस असायचा. दाढी कुठं संपते आणि कापूस कुठं सुरू होतो, हे फक्त चाचींनाच ठाऊक होतं. आवाज मात्र कापसासारखा बिलकुल नव्हता. कर्णा बंद पडला तरी शिवारातल्या माणसाला त्यांची बांग ऐकू जायची.

दुपारी बारा वाजून गेले की ते काठीशी उकिडवे बसत. सावली आखडत आखडत यायची, तिच्या टोकावर चाचा खडा ठेवायचे. सावली आणखी आखडली की खडा आत सरकवायचे. मग एक क्षण असा यायचा की सावली खड्याला ओलांडून परत बाहेर वाढू लागायची. दिवस कलला. चाचा गुडघ्यावर हात देऊन उठायचे, जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ झाली. तिसऱ्या प्रहरी एक सुतळी काढायचे. काठीच्या दुप्पट लांबी आणि त्यात दुपारी उरलेली सावली मिळवायची, तेवढी सावली पडली की असर, तिसऱ्या प्रहरची नमाज. हा हिशेब त्यांनी मला दहा वेळा समजावला असेल. मी दहा वेळा मान डोलावली, आणि दहाही वेळा त्यांनी ओळखलं की मला समजलेलं नाही.

माझी खरी पोटदुखी वेगळी होती. माणसं माझ्याकडे घड्याळात सेल टाकायला यायची. मी नवा सेल टाकून काटे जुळवायला घ्यायचो, तर गिऱ्हाईक माझा हात धरायचं. "थांबा जरा, बांग होऊ द्या. तिच्यावर लावू." सदतीस घड्याळांच्या देखत. एका ड्रायव्हरने तर माझ्या दुकानातून नवंकोरं घड्याळ घेतलं आणि ते घेऊन मशिदीच्या पायरीवर जाऊन बसला.

मग मीही संधी सोडायचो नाही. आमच्याकडे मे महिन्यात एक दिवस असा येतो की सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि काठीची सावली काठीच्याच पायात गडप होते. त्या दिवशी मी धावत जाऊन अंगणात उभा राहिलो.

"चाचा, वाईट बातमी आहे. तुमचं घड्याळ बंद पडलं."

चाचा वर न बघता म्हणाले, "बंद न्हाय पडलं. बसलंय. उठंल."

आणि उठलं. सुईएवढी सावली काठीच्या बुडातून पूर्वेकडे डोकावली, तेव्हा चाचांनी एखादं मूल रांगताना पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. मला म्हणाले, "घड्याळवाले, आता जावा दुकानात. तुमचे सदतीस जण वाट बघत असतील."

पहाटेची वेळ ठरवायची त्यांची रीत मी एकदाच पाहिली. मालासाठी बार्शीची पहिली गाडी धरायची होती. चाचा मशिदीच्या गच्चीवर उभे होते. पूर्वेला उजेडाचा एक पट्टा वर चढलेला दिसत होता. मी म्हटलं, उजाडलं की. ते म्हणाले, "ह्यो उभा उजेड. ह्यो फसवतो. आडवा पसरंल त्यो खरा." थोड्या वेळाने तो पट्टा विरून गेला, आणि मग जमिनीलगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पांढरी रेघ उमटली. चाचा खाली उतरले. पंचवीस वर्षं घड्याळं विकून मला माहीत नव्हतं की सकाळ दोनदा होते, आणि पहिली खोटी असते.

"आणि ढग आले तर?" मी विचारलं होतं.

"थांबायचं. उशीर चालतो. वेळेच्या आधी चालत न्हाय. आधीची नमाज नमाज न्हाय, आधी सोडलेला रोजा रोजा न्हाय."

इथपर्यंत किस्सा सांगायला मला मजा येते. इथून पुढे येत नाही, पण सांगितला पाहिजे.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान ऐन उन्हाळ्यात आला होता. चाचांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. हिरवी पट्टी सुटली होती, काळा चष्मा आला होता. तो चष्मा घालून ते काठीशी बसले की एखाद्या गुप्तहेराने वेषांतर केल्यासारखे दिसायचे, असं मी सगळ्यांना सांगत होतो. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात एक थोर कल्पना आली. मशिदीला आपल्याकडून एक डिजिटल घड्याळ भेट द्यायचं. लाल आकडे, पाचही नमाजांच्या वेळा, आणि प्रत्येक वेळेला टूंटूं वाजणारं.

लोकांना मी सांगितलं की चाचांना आराम मिळावा म्हणून. खरं कारण असं की, एकदा तरी या गावाने माझ्या घड्याळावर चालावं.

घड्याळ आलं. त्यात गाव निवडावं लागतं, मग ते त्या गावाच्या सूर्याप्रमाणे वेळा दाखवतं. यादी उघडली. आमच्या जिल्ह्याचं नाव बदलायच्या गोष्टी तेव्हा जोरात होत्या, पण यादीत जुनंही नाव नव्हतं आणि नवंही नव्हतं. दुकानात चार मित्र बसले होते. मी उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि जाहीर केलं, "आपण निजामाची रयत. आपला सूर्य हैदराबादेतूनच सुटतो." चौघं हसले. मी हैदराबादवर बोट दाबलं.

सोलापूर त्या यादीत होतं. मी ते वाचलं होतं. सोलापूरचा सूर्य आणि आमचा सूर्य जवळपास एकाच वेळी बुडतो. हैदराबाद लांब पूर्वेला, तिथं तो दहा-अकरा मिनिटं आधी बुडतो. शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी हे शिकवलं होतं. पण सोलापूरवर कुणी हसलं नसतं.

मशिदीच्या कमिटीचे अध्यक्ष, आमचे सदरसाहेब, घड्याळावर फार खूश झाले. भिंतीवर ते टांगताना चाचा खाली उभे होते. खूप वेळ बघून त्यांनी विचारलं, "ह्याला खिडकी लागत न्हाय का?"

"खिडकी कशाला?"

"आत बसून ह्याला बाहेरचं कसं कळतं?"

खरं उत्तर सोपं होतं. त्याला काहीच कळत नव्हतं, त्याच्या पोटात आकड्यांचा एक तक्ता भरलेला होता. पण समोर पंधरा-वीस माणसं होती. मी वर आभाळाकडे बोट केलं. "सॅटेलाइट, चाचा. वरून बघतंय ते."

चाचांनी वर पाहिलं. "मग तर त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसत असंल," ते म्हणाले.

पहिला रोजा. संध्याकाळी अंगणात चटया अंथरल्या होत्या, खजूर, कलिंगड, भजी, सरबत. देणगीदार म्हणून मला सदरसाहेबांच्या शेजारी बसवलं होतं. इमामसाहेब त्या वर्षी नवे आणि परगावचे, त्यांना आमचं आभाळ माहीत नव्हतं. पश्चिमेला डोंगर आहे, त्यामागे सूर्य गेला की नवख्याला वाटतं, बुडाला. चाचा तिकडे कधीच बघत नसत. ते बघत उलट्या बाजूला, गावच्या पाण्याच्या टाकीकडे. टाकीच्या माथ्यावर ऊन आहे तोवर दिवस आहे.

घड्याळ वाजलं. टूंटूं. सगळ्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा कर्ण्यापाशी उभे होते, काळा चष्मा हातात घेऊन, डोळे बारीक करून टाकीकडे बघत.

"साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "टाकीवर ऊन दिसतंय मला."

सदरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मीही टाकीकडे पाहिलं. वरच्या कठड्यावर पिवळी रेघ होती. मला ती दिसली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ती दिसली आणि मी म्हणालो, "चाचा, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला काही दिवस सगळं पिवळंच दिसतं. सॅटेलाइट खोटं बोलंल का?"

दोघं-तिघं हसले. सदरसाहेब म्हणाले, "द्या बांग, चाचा. लेकरंबाळं तहानलीत."

चाचांनी चष्मा परत घातला आणि बांग दिली. तेवढी एकच बांग मी अशी ऐकली की जिचा आवाज मशिदीच्या भिंतीबाहेर गेला नसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कळंबहून सदरसाहेबांच्या मेहुण्यांचा फोन आला. तिकडे रोजा आमच्यानंतर दहा मिनिटांनी सुटला होता. दुपारपर्यंत नक्की झालं की आमची बांग सूर्य बुडायच्या आधीच झाली होती. अख्ख्या मोहल्ल्याचा पहिला रोजा वाया गेला होता. उन्हाच्या काहिलीत पाण्याचा थेंब न घेता बसलेल्या म्हाताऱ्या, शेतात खुरपून आलेल्या बाया, सगळ्यांना तो रोजा रमजाननंतर पुन्हा धरावा लागणार होता. अंगणात माणसं जमली. मीही गेलो. येताना मी एक विनोदी माफीनामा तयार करून आणला होता. निजाम, हैदराबाद, माझी अक्कल, सगळं त्यात होतं. लोक हसतील आणि सोडून देतील असा हिशेब.

"ही चूक झाली कुणाची?" सदरसाहेबांनी विचारलं.

मी घसा खाकरला, तेवढ्यात चाचा पुढे झाले. "माझी. बांग मी दिली. टाकीवरचं ऊन खरं का डोळ्याचा पिवळेपणा, मला ठरवता आलं न्हाय. डोळ्यांनी धोका दिला माझ्या. आता हे काम माझ्याकडून होणार न्हाय."

कुणी त्यांना रागावलं नाही. तेच वाईट झालं. रागावले असते तर कुणीतरी घड्याळाकडे बोट दाखवलं असतं. लोक म्हणाले, वय झालं, चाचांनी आता आराम करावा. बांग द्यायचं काम सदरसाहेबांच्या थोरल्या मुलाकडे गेलं. माझा माफीनामा माझ्या तोंडात राहिला. आयुष्यात एकदाही गप्प न बसलेला मी त्या दिवशी गप्प बसलो. आणि संध्याकाळी, रोजा सुटायच्या आधीच, "जरा साफ करतो" असं सांगून, स्टुलावर चढून हैदराबादचं सोलापूर केलं.

त्यानंतर चाचा काठीशी बसेनासे झाले. नमाजाला यायचे, मागच्या रांगेत उभे राहायचे. रस्त्यात कुणी सवयीने विचारलं, "चाचा, जोहरला किती वेळ?" तर ते माझ्या दुकानाकडे हात करायचे. "घड्याळवाल्यांना विचारा." त्यात टोमणा नव्हता. मी खूप शोधला, सापडला नाही.

हळूहळू मी माझी एक समजूत करून घेतली. चाचांना सगळं कळलं होतं. ज्याला सकाळ दोनदा होते हे ठाऊक, त्याला घड्याळाचं कळणार नाही? त्यांनी मला वाचवण्यासाठी दोष अंगावर घेतला. ही समजूत इतकी देखणी होती की मी ती सांगत सुटलो. अर्थात आमच्या गावात नाही. ढोकीला, कारखान्यावरच्या मित्रांसमोर. भूमला, साडूच्या घरी. नावं बदलून सांगायचो, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचो, "त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, एकदाच, आणि म्हणाला, चूक माझी." ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. माझेही भरायचे. चाचांनी त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं होतं का, हे मला खरंच आठवत नाही.

चाचा मागच्या हिवाळ्यात गेले. दोन दिवसांचा ताप, संपलं. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. चाची ओसरीवर बसून जुन्या उशीतला कापूस मोकळा करत होत्या. मी म्हटलं, आता तरी सांगावं. आणि सांगितलं. सोलापूर वाचलं होतं इथपासून टाकीवरचं ऊन मलाही दिसलं होतं इथपर्यंत. नाटक न करता सांगितलं, असं मला वाटतं. मग शेवटी म्हणालो, "चाची, चाचांचे डोळे चांगले होते. चूक माझी होती, आणि हे ठाऊक असून त्यांनी ती अंगावर घेतली. असा माणूस पुन्हा होणार नाही."

चाचींचे हात कापसात थांबले. त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं, "मग ते मरेपर्यंत माझ्याकडून रोज तीन-तीन बार डोळ्यांत दवा कशाला टाकून घेत होते?"