एक अंश मागे

गॅरेजमध्ये त्यांना सगळे कानसेन म्हणत. इंजिन उघडून दोष शोधायची वेळ तीस वर्षांत त्यांच्यावर क्वचितच आली. बॉनेटखाली ओणवं व्हायचं, डोळे मिटायचे, ऐकायचं आणि सांगून मोकळं व्हायचं. याचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत.

मग भाच्याने गाडीला टर्बो बसवून घेतला आणि सगळी घडीच विस्कटली. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. ताकद वाढते, ठिणगी लवकर पाडली की आणखी वाढते, पण ती जरा जास्तच लवकर पडली की आत अवेळी स्फोट होऊन ठोका बसतो, आणि ठोके बसत राहिले की पिस्टनचं काही खरं नाही. ठिणगीची वेळ लॅपटॉपवर एकेका अंशाने पुढे-मागे करायची, ते कानसेनांची लेक चिकाटीने शिकली होती. इंजिनाला लावलेल्या माइकचे हेडफोन घालून ठोका ऐकायचं काम अर्थातच कानसेनांचं. ठोका ओळखणारा इंजिनाचा स्वतःचा सेन्सर होता, पण तो उगाच बोंब मारतो म्हणून त्यांनी बंद करायला लावला. "कान आहेत ना माझे!"

गेल्या महिन्यात "स्वच्छ आहे, वाढव" असं त्यांनी तीनदा सांगितलं आणि पिस्टन फुटला. लेकीनेच आकडे चुकवले, असं भाचा म्हणाला. कानसेनांच्या बायकोलाही तेच वाटलं. त्यांच्या कानावर शंका घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. कानसेन मूग गिळून बसले. त्यांना मात्र माहीत होतं. इंडिकेटरची टिकटिक त्यांना वर्षभरापासून ऐकू येत नव्हती.

आज भाच्याचं दुसरं इंजिन होतं. "हे गेलं तर मी पुन्हा गाडीला हात लावणार नाही, बाबा," लेक सकाळीच म्हणाली होती, आणि ती बोलते ते करते.

गाडी जागच्या जागी पळवून बघायच्या रोलरवर पट्ट्यांनी जखडलेली. भाच्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तशी जमीन हादरली.

"बाबा?"

"स्वच्छ."

तिने एक अंश वाढवला. पुन्हा तोच गडगडाट. कानसेनांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबले. आत नुसती घरघर, तिच्यात ठोका असेल किंवा नसेलही.

"स्वच्छ ना?" तिचं बोट बटणावर टेकलं होतं. "देऊ अजून एक?"

कानसेनांनी हेडफोन कानांवरून खाली ओढले.

"थांब."

"काय झालं मामा, वाजलं?" भाच्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"मला ऐकू येत नाही," कानसेन म्हणाले. "मागच्या वेळीही येत नव्हतं. तुझं इंजिन मी फोडलं. हिने नाही."

भाच्याने गाडी बंद केली.

"महिनाभर मी ते आकडे तपासतेय, बाबा," लेक म्हणाली. "एकही चूक सापडेना. मला वाटलं, चूक शोधण्याइतकीही अक्कल नाही आपल्याला."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं कानसेनांना झालं. "चुकलं माझं," एवढंच ते बोलू शकले.

तिने हात पुढे केला. त्यांनी हेडफोन दिले.

"ठोका कसा वाजतो ते सांगा."

"डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा. इंजिनाच्या आवाजापेक्षा वरचा, कोरडा."

गाडी पुन्हा सुरू झाली. कानसेनांना आता लेकीच्या तोंडाकडे बघण्यापलीकडे काही काम नव्हतं. आवाज चढत गेला, आणि एकदम तिचा हात वर गेला.

"पाय काढ! काढ पाय!"

इंजिन शांत झालं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"खडेच खडे," ती म्हणाली. "मगाशी तुम्ही स्वच्छ म्हणालात ना, तेव्हाही असणार."

तिने हेडफोन काढले नाहीत. लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला.

"एक अंश मागे घ्या."

कानसेनांनी चष्मा लावला आणि एका बोटाने बटण शोधू लागले. त्यांना वेळ लागत होता. बटण सापडेपर्यंत ती थांबली.