बालवाडीखालचा स्लॅग

नौपाड्यातल्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये मी कामाला लागले, तेव्हा साठे सरांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. "टेबलावर येईल ते तपासायचं. कुठून आलं, कुठे जाणार, हे विचारायचं नाही. आणि हा नियम का, हेही विचारायचं नाही."

घ्या! अख्खं इंजिनिअरिंग मी 'का' विचारण्यातच काढलेलं.

अशा जागी किस्से साचतात तेही स्लॅगसारखेच. पोलाद बनवताना भट्टीत जो मळ वर तरंगतो, तो थंड झाला की दगडासारखा होतो, तो स्लॅग. कारखान्याला हवं असतं पोलाद, आणि बाजूला डोंगर उभा राहतो याचा. आम्हीही बनवायला बसतो रिपोर्ट, आणि ढीग होतो किश्श्यांचा.

हे सगळे एकाच कामाचे. शहाडजवळच्या गावातले नाना भोईर स्वतःच्या जागेवर गावासाठी बालवाडी बांधत होते. जागा सखल, म्हणून खाली स्लॅगचा भराव. हा माल चांगला आहे असा आमचा रिपोर्ट त्यांना हवा होता. टेस्ट मी करणार, म्हणजे पहिली सही माझी. दुसरी सरांची.

*

नाना सॅम्पल घेऊन आले ते स्टीलच्या डब्यात! झाकण उघडलं तर आत चकचकीत दगड, एकसारखे, जणू वाणसामानातून निवडून आणलेले.

"नाना, हे असं कसं?"

"घरवालीनं धुतलं, निवडलं, उन्हात वालवलं. शिकल्यासवरल्या लोकांच्या टेबलावर घानेरडा माल कसा देनार?"

सर खूश. "बघ, किती व्यवस्थित माणसं!"

"सर, पण त्या घाणीतच तर मोकळा चुना होता. तपासायचं तेच धुऊन गेलं!"

"टेबलावर काय आलंय?"

"दगड."

"मग दगड तपास."

तपासला. ताकद उत्तम, झीज कमी, पास. माल पाण्यानं फुगतो का, ही टेस्ट नानांनी मागितलीच नव्हती, म्हणून सरांनी ती करू दिली नाही.

*

आमच्या खालच्या मजल्यावर एका वैद्यबुवांचा दवाखाना आहे. चहाच्या टपरीवर त्यांना सांगितलं, की हल्ली मी लोखंडाचा मळ तपासते.

"म्हणजे मंडूर! अगं, त्याचं आम्ही भस्म करतो."

"लोकांना खायला देता?"

"देतो. पण जुना. मंडूर जितका जुना तितका गुणाचा. ताज्याला आम्ही हात लावत नाही."

मी चहाचा ग्लास तसाच ठेवला. आमच्या पुस्तकातही तेच आहे! ताज्या स्लॅगमधला चुना पाणी प्यायला की फुगतो. म्हणून तो काही महिने उन्हापावसात मुरवायचा, मगच वापरायचा. नानांचा माल किती जुना? डब्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

आणि विचारायचं तर नव्हतंच.

*

रविवारी मी विचारायला गेले. म्हणजे थेट जागेवरच.

आधी स्लॅगची बाजू सांगते, नाहीतर म्हणाल, ही त्याच्या वाईटावर टपलीये. नानांनी जागेपर्यंतचा रस्ता त्याच स्लॅगचा केलेला. मुरलेला, जुन्या लॉटचा. पावसाळा झेलूनही एक खड्डा नाही! वर या खडीसाठी कुठला डोंगर फोडावा लागला नाही. मी मनातल्या मनात सलाम ठोकला.

पुढे बालवाडीच्या भिंती उभ्या होत्या. जमिनीत भराव भरलेला, फरशी बसायची बाकी. बाजूला उरलेला ढीग, आणि ढिगाखाली डबकं. डबक्यावर पांढरी साय.

"बघ मॅडम," नाना हसून म्हणाले, "आमच्या जमिनीतून दूध निघतंय!"

मी खिशातली पीएच तपासायची पट्टी काढून बुडवली. ती गडद निळीजांभळी झाली. म्हणजे पाण्यात चुन्याचा चांगलाच जोर. अख्ख्या डबक्यात एक बेडूक नाही, आणि त्याचा ओघळ निघालेला विहिरीच्या दिशेनं.

"नाना, हा माल कधीचा?"

"एकदम ताजा!" नाना अभिमानानं म्हणाले. "शिला माल आपन देवाच्या कामाला घेत नाय. पोरं म्हंजे देवच ना?"

*

तिथला एक तुकडा आणि पिशवीभर चुरा मी लॅबमध्ये आणला. सर भडकले. पण सर मूळचे भूगर्भशास्त्राचे, आणि त्या लोकांना एक खोड असते. दगड दिसला की जिभेला लावून बघायचा. ओरडता ओरडता त्यांनी तुकडा उचलला आणि सवयीनं चाखला.

"सर, नको!"

ते बेसिनकडे धावले. दिवसभर त्यांना चहाची चव लागली नाही.

"काय वाटतं सर?" मी संध्याकाळी विचारलं.

"टेबलावर आलेलं नव्हतं ते," सर म्हणाले.

*

मग मी तो चुरा साच्यात ठोकून गरम पाण्यात ठेवला, वर उंची मोजणारं गेज लावलं. काटा चढायला लागला.

"गेज बिघडलंय," सर म्हणाले.

दुसरं लावलं. काटा चढला.

"दोन्ही बिघडलीत."

शेजारी साधी खडी भरलेला साचा ठेवला, त्यावर तेच गेज. काटा ढिम्म! सरांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "या लॅबमध्ये लाइट फार वर-खाली होतो."

गेज विजेवर चालतच नाही, हे सरांना माहीत नव्हतं थोडंच!

*

नाना रिपोर्ट न्यायला आले ते पेढे घेऊनच. सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. ताकद पास, झीज पास. "सही कर."

मी साचा नानांपुढे ठेवला. "हा तुमच्या जागेवरचा माल. बघा किती वर आलाय. फरशीखाली हाच राहणार. फरशी उचलेल, भिंती तडकतील. भराव काढा नाना. विहिरीपासून लांब उघड्यावर मुरू द्या, मग रस्त्याला वापरा."

"उद्घाटनाच्या पत्रिका वाटल्यात, पोरी!"

"रिपोर्टात एक अक्षर खोटं नाही," सर म्हणाले.

"नाही ना सर. म्हणूनच तर भीती वाटते."

नानांचा आवाज खाली आला. "माझी नात बसनार त्या खोलीत. मी तिचं वाईट करीन?"

"तुम्ही नाही करणार, नाना. चुना करेल. त्याला नात ओळखू येत नाही."

"मुली, बास झालं!" सरांनी पेन पुढे केलं. "सही कर. जबाबदारी माझी."

"मी नाही करणार, सर. जबाबदारी तुमची, तर पहिली सहीही तुम्हीच करा."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. नाना त्यांच्या हाताकडे बघत राहिले.