परशूचं नवं

कुंभारवाड्याच्या पुढच्या एका वाडीत परशूच्या दाराला भाताच्या तीन जुड्या टांगलेल्या होत्या. तीन वर्षांच्या तीन. आमच्याकडं रीत अशी, की नव्या भाताची पहिली जुडी दाराला बांधायची आणि घरची सगळी माणसं एका पंगतीला बसली की नवं खायचं. परशूच्या घरची सगळी माणसं म्हणजे दोनच, तो आणि त्याची लेक गिरजा. ती युरोपातल्या कुठल्याशा वेधशाळेत. तिच्यावाचून नवं करायचं नाही म्हणून हा रेशनचा तांदूळ शिजवी आणि कणगीतलं भात घुशी खात. घुशींचं नवं मात्र दर वर्षी वेळेवर व्हायचं.

गिरजाचं काम परशू साऱ्या वाडीला सांगे, तेही अशी छाती फुगवून की सदऱ्याच्या बटणानं घाबरावं. आभाळात आरशांनी मढवलेला एक गोळा फिरतो. त्याच्यावर खालून लेझरचा उजेड मारायचा आणि तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पृथ्वी नुसती गिरक्या घेत नाही, भोवतालची जागाच जराशी ओढून नेते. पेजेत डवला फिरवला की कडेची शितंही सरकतात, तशी. म्हणून त्या गोळ्याची वाट सरकते.

"किती सरकती मामा?" शेजारच्या केशरनं विचारलं.

"वर्साला चार हात."

"अगं बाई! तेवढा तर भिकाजी आमचा बांध सरकवतोय. त्याला कोण लेझर लावत न्हाई!"

वाडी हसली. परशूही हसला, जरा उशिरा.

चूक त्याची एकच. गोळा फिरतो म्हटल्यावर त्याला दिसली मळणी. बैल खांबाभोवती फिरतात, फेरे पुरे झाले की दाणा सुटतो आणि माणसं घरी येतात. दिवसाला सहा फेरे, म्हणजे कधीतरी पुरे होणारच, असं धरून तो बसला होता.

मोबाईलला रेंज फक्त डोंगरावरच्या कातळावर. यंदा चौथी जुडी बांधून झाल्यावरच्या रविवारी त्यानं तिथं बसून विचारलंच.

"गिरजा, तुजी मळणी संपायची कवा?"

ती म्हणाली, "बाबा, ती संपत न्हाई. जितकी जास्त वर्षं मोजू, तितकं माप नितळ होतंय."

"म्हंजे मळणी न्हवंच ती."

"न्हवं."

"मग नवं?"

"तुम्ही खावा बाबा."

"एकट्यानं?"



पुढच्या रविवारी परशूनं चौथी जुडी सोडली, कांडली, भात शिजवला. केशरनं हटकलं, "मामा, कुठं जेवान घिऊन?" तो म्हणाला, "पंगतीला." आणि पानात बांधलेला भात घेऊन डोंगर चढला.

ठरल्याप्रमाणं गिरजानंही तिकडं सकाळीच दुकानातला तांदूळ शिजवला होता. फोन कातळावर टेकवून दोघं जेवायला बसली.

"कसा झालाय?" तिनं विचारलं.

"चढंस्तवर निवला गे."

ती हसली. चमच्याचा आवाज आला, दोनदा, तीनदा. मग रेंज गेली.

परशूनं फोन उचलून दोन्ही हातांनी वर धरला, कातळाच्या या टोकाला, त्या टोकाला. काही लागेना. तेव्हा तो पुन्हा खाली बसला. नवं पानात टाकत नाहीत. उरलेला भात त्यानं सावकाश, शीत न शीत खाऊन संपवला.