केळुसकरबाईंचा निकाल

केळुसकरबाई विद्यार्थ्याला नाव विचारायच्या आधी हात पुढे करायला सांगत. चष्म्यातून क्षणभर बोटांकडे बघत आणि निकाल देऊन मोकळ्या होत, "तू जीवशास्त्राला. तू रसायनाला." परळच्या आमच्या शाळेत दोन्ही विषय त्याच शिकवत, आणि मॅट्रिकला त्यांतला एकच घेता येई. "तोंडाचं मी ऐकत नाही रे, हाताचं ऐकते," असं त्या नेहमी म्हणत.

माझा हात बघून म्हणाल्या, "थरथरतोय. रसायन."

"पण बाई, मी डॉक्टर होणार आहे!"

"कोण म्हणतं?"

"सगळी चाळ."

खोटं नव्हतं ते. गिरणीत कापसात खोकून खोकून बाबा गेले, तेव्हापासून आई मला 'डॉक्टर' अशीच हाक मारी. शेजारच्या काकू येताजाता मला जीभ दाखवत. मी कपाळाला आठ्या घालून "पोट साफ नाही" म्हणे. दुसरं निदान मला येतच नव्हतं. त्यामुळे चुकायचा प्रश्न नव्हता.

"थरथरत्या हातानं ॲसिड सांडलं तर टेबल जळेल," बाई म्हणाल्या. "माणूस तरी वाचेल! बघ, विचार कर."

विचार कसला करतोय? मी जीवशास्त्रावरच अडून बसलो. त्याच सुमारास संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आमच्या रस्त्यावरून गेला आणि लाठीमार झाला. कपाळ फुटलेल्या एका गिरणी कामगाराला लोकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत आणून बसवलं. बाई आयोडीन शोधू लागल्या. मी ऐटीत पुढे झालो, "बाजूला व्हा, मी बघतो." बघितलं मात्र, आणि धाडकन आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा तो जखमी माणूसच मला वहीनं वारा घालत होता. "बाई, माझा ऱ्हांदे, आधी ह्या पोराक बघा," तो म्हणत होता. मी क्षीण आवाजात विचारलं, "महाराष्ट्र झाला?"

"नाय अजून. तू नीज."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी मात्र त्या लालबागला आमच्या खोलीवर आल्या. आईसमोर बसून त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "तुमचा मुलगा डॉक्टर नाही होणार. रक्त बघून पडतो. रसायनात चांगलं नाव काढेल."

आई स्टोव्हला पंप मारत होती. ती थांबली. "बाई, ह्याचे बाबा गेले तेव्हा डॉक्टरला बोलवायला माणूस धाडला होता. डॉक्टर आलाच नाही. घरातच एक असावा, एवढंच वाटायचं हो."

बाई उठल्या, आईशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "रडा तुम्ही. मी आहे इथं."

बाबांच्या तेराव्यालाही डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी आई बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.